झग्यांच्या खोलीतलं गाणं

१२ जानेवारी, रविवार

प्रिय ताईस,

धाकट्याचा सप्रेम सलाम. इकडे आम्ही तिघेही बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालतो. तुझं पत्र परवा मिळालं. आईने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि हॉस्पिटलातल्या ड्यूटीत तू वेळेवर जेवतेस की नाही ते त्यात कुठेच नाही म्हणून माझ्यावर चिडली. जसं काही ती ओळ मीच गाळली!

फोनवर भिंगरी स्वतःच्या आईशी नीट बोलली नाही, नुसतं "काय? काय?" करत होती, म्हणून तू रागावली आहेस. लाइन खराब होती. मलाही फोनवर काही सुचत नाही, शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या असतात. तेव्हा सगळं कागदावर लिहितो. खाडाखोड झाली तर पान बदलतो, त्यामुळे उशीर होतो. रागावू नकोस.

आईचे गुडघे तसेच आहेत. तिचा स्वभावही तसाच आहे.

शाळेच्या ऑर्गनच्या भात्याचं कातडं फाटलं होतं. चांभारकाका बघून म्हणाले, "हा भाता आहे की म्हातारीचं फुफ्फुस?" पण त्यांनी चांगलं मऊ कातडं दिलं आणि मी ते डकवून, दाबून, वाळवून बसवलं. आता हवा टिकते. माझं काम तू होतीस तेव्हा होतं तेच आहे. ऑर्गनच्या मागे, भिंतीच्या आणि पेटीच्या मधल्या बोळात बसायचं, पेटीच्या कडेने दिसेल तेवढं बघायचं आणि दांडा वर-खाली करून हवा भरायची. माझा हात थांबला की ऑर्गन मुका. पुढे बसून वाजवतात त्या बाई, टाळ्याही त्यांना. मोठ्या बाई मात्र मला "आमचे हवाखात्याचे मंत्री" म्हणतात. हेडमास्तरीणबाईंनी विनोद केला की हसावं लागतं, मी हसतो.

शाळेच्या वार्षिक समारंभाची तयारी सुरू झाली आहे. संगीताच्या मोठ्या शाळेतून पाहुणे येणार आहेत, ते एक मुलगी निवडतील. तिचं राहणं, शिकणं सगळं तिकडेच. ती भिंगरी असावी ही तुझी इच्छा मला माहीत आहे. तुझ्या वेळी निवड हुकली, तेही आठवतं.

गायनमास्तरही तसेच आहेत. केस पांढरे झाले पण हात तसाच. परवा सुतारकाकांच्या मुलाने 'आ' लावताना तोंड पुरतं उघडलं नाही, तर मास्तरांनी त्याच्या तोंडात फळ्याचं डस्टर कोंबलं आणि हनुवटी खालून दाबून धरली. पोरगा निळा पडला. दात हलला एक. मास्तर म्हणाले, तो दात पडायलाच आला होता. असेलही. रांगेतल्या दोघी बहिणींपैकी धाकटीच्या बोटांवर त्यांनी पट्टीची कड मारली, तेव्हा नखाखाली रक्त साकळलं. पण गाणी सुरेख बसताहेत, तू ऐकलीस तर खूश होशील.

भिंगरीला थोडी सर्दी आहे. डाव्या कानात कापूस घातला आहे. काळजीचं कारण नाही.

आईचा आशीर्वाद. पैसे पाठवायची घाई करू नकोस.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताईस,

सलाम. तुझं पत्र मिळालं. त्यात एकच ओळ आहे म्हणून आईला म्हटलं, ताई कामात आहे. ओळ अशी: "सर्दीला कानात कापूस कोण घालतं? मी नर्स आहे, मला शेंड्या लावू नकोस."

बरोबर आहे. लिहितो.

नवीन वर्षातली पहिलीच तालीम होती. वरच्या सुराला भिंगरीने मान वळवून शेजारणीकडे पाहिलं आणि हसली. का हसली, मी विचारलं नाही. मास्तर मागून आले. तळहात वाटीसारखा करून त्यांनी तिच्या डाव्या कानावर मारला. दांड्यापाशी बसल्या जागी मला तो आवाज आला, आणि ऑर्गन वाजत होता हे लक्षात घे. ती बाकावर आदळली, मग खाली. उठून उभी राहिली तेव्हा मानेवरून रक्ताचा बारीक ओघळ कॉलरमध्ये उतरत होता. मला म्हणाली, "मामा, कॉलर कोण धुणार? आजी ओरडेल." मीच धुतली. डाग पूर्ण गेला नाही.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पडदा मधोमध फाटला आहे, त्या कानाने आता ऐकू येणं कठीण. आणि म्हणाले, दुसऱ्या कानाला जपा, तिच्याकडे आता तो एकच आहे. विचारलं, कशाने झालं? मी म्हटलं, पडली. ते माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो.

पण ताई, इथेच थांबत नाही. डावीकडचा ऑर्गन तिला ऐकू येत नाही, म्हणून तिचा सूर उतरतो. सूर उतरला की मास्तर तिला झग्यांच्या खोलीत नेतात.

ती खोली तू विसरली नसशील. समारंभाचे पांढरे झगे जिथे टांगतात ती. पद्धत अजून तीच आहे. मास्तर गाणं थांबवत नाहीत. खांद्यावर हात ठेवून, हसतमुखाने पोराला आत नेतात आणि बाईंना बोटाने खूण करतात. मग बाई सगळ्यात लांब गाणं घेतात, ज्याची कडवी संपता संपत नाहीत. पोरं त्याला 'लांबडं' म्हणतात.

*कळपामागे राहिले मी, मेंढपाळा, थांब ना,*
*काट्यांत माझी लोकर गुंतली, हलक्या हाती सोडव ना.*

बाहेर सगळ्यांनी गायचं आणि आत ज्याचा सूर मोडला त्यानेही गायचं, छडी पडत असताना. सूर जुळला की छडी थांबते. बाहेर कुणाला काही ऐकू येत नाही. फक्त मला येतं, कारण माझी पाठ त्याच भिंतीला असते.

आपण लहान असताना पोरांचं एक म्हणणं होतं, बाहेर जितक्या मोठ्याने गाल तितकं आतल्याला कमी लागतं. अजूनही तेच म्हणतात. भिंगरीनेच मला सांगितलं, जणू मला ठाऊकच नाही. तू आत होतीस तेव्हा मी इतका ओरडून गायचो की घशातून आवाज निघेनासा व्हायचा. तू बाहेर आलीस की विचारायचो, "कमी लागलं ना?" तू म्हणायचीस, "हो रे, काहीच नाही लागलं." मला ते खरं वाटायचं.

आता मी काय केलं ते सांगतो. मी धीर करून मास्तरांकडे गेलो. म्हटलं, "सर, तिला रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभी कराल का? उजव्या कानाने तिला ऑर्गन ऐकू येईल." मला वाटलं, किती साधी गोष्ट आहे. मास्तर म्हणाले, "म्हणजे ती बहिरी आहे?" मी म्हटलं, एकाच कानाने. ते म्हणाले, "सोंग आहे. तुझी बहीणही करायची सोंगं. असो, उभी करतो तिकडे."

केली. पण ते टोक झग्यांच्या खोलीच्या दाराशी आहे. आता त्यांना रांगेतून चालत यावं लागत नाही, नुसता हात लांब केला की ती आत. रोज नेतात. हे मी करून ठेवलं. जागा बदलताना मी ऑर्गन पाहिला, दार पाहिलं नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मास्तरांनी तुलाही मारलं, ताईलाही मारलं. मेलात का?" मेलो नाही, पण सातवीत शाळा सुटली.

ताई, शाळेतून नाव काढायला पालक म्हणून तुझी सही लागते. नुसतं 'हो' लिहून सही पाठव, मी दुसऱ्याच दिवशी तिला घरी आणतो. दुसऱ्या कानाचा प्रश्न आहे. बाकी मी काही म्हणत नाही.

तुझा,
धाकटा


२ मार्च, रविवार

प्रिय ताईस,

सलाम. तुझं उत्तर समारंभाच्या आधी मिळालं होतं. "निवड होईपर्यंत कळ काढ. मीही काढली, म्हणून आज स्वतःच्या पायावर उभी आहे. मास्तरांना एक शब्द बोलू नकोस." मी एक शब्द बोललो नाही.

निवड झाली नाही. समारंभ अर्धवट राहिला. तुला शाळेतून काहीतरी कळलंच असेल, पण माझ्याकडूनही कळावं. क्रमाने लिहितो, नाहीतर मला लिहिता यायचं नाही.

दुपारची वेळ होती. सभागृह भरलेलं, मागे लोक उभे. पाहुणे पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी मोठ्या बाई. मुलं पांढऱ्या झग्यांत. भिंगरीचा झगा मी रात्री इस्त्री केला होता. आई तिच्या वेण्या घालताना म्हणत होती, "आज आईची लाज राख." मी तिच्या उजव्या बाजूला वाकून म्हटलं, "काही झालं तरी ऑर्गन ऐक." ती म्हणाली, "मामा, मला ओठ बघून कळतं. तू उगाच घाबरतोस."

पहिली दोन गाणी छान झाली. तिसऱ्यात ती एकटीने गाणार होती. सुरुवात चांगली झाली, मग मध्येच खाली घसरली. फार नाही. पाहुण्यांच्या लक्षातही आलं नसतं. पण मास्तरांनी पाहुण्यांकडे बघून मान लववली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला आत नेलं. जाता जाता बाईंना खूण केली. बाईंनी लांबडं सुरू केलं. पालकांपैकी कुणी काही बोललं नाही. त्यातले निम्मे स्वतः त्या खोलीत गाऊन आलेले.

मी दांडा ओढत होतो. माझ्या पाठीमागे ती गात होती. आधी छडीचा आवाज पाठीवरचा होता, तो ओळखू येतो. मग वेगळा आला. हाताचा, उघड्या हाताचा. तिने गाणं सोडलं आणि ओरडली, "त्या कानावर नको, सर. त्या कानावर नको."

मी दांडा सोडला.

मी ठरवलं नव्हतं. हात सुटला. ऑर्गन रडल्यासारखा आवाज करत खाली खाली गेला आणि बंद पडला. बाई मुक्या पट्ट्यांवर बोटं आपटत राहिल्या. सूर गेल्यावर मुलं एकेक करून गप्प झाली. मोठ्या बाई जागेवरून उठल्या आणि माझ्या दिशेने दबक्या आवाजात म्हणाल्या, "हवा! अहो, हवा द्या ना!" मी मांडीवर हात ठेवून बसलो.

आणि सगळ्या सभागृहाला ऐकू आलं. आत एकटी मुलगी गातेय. *हलक्या हाती सोडव ना.* मागच्या रांगेतली कुणी बाई म्हणाली, "अगबाई, किती गोड! आतून गातेय वाटतं." तेवढ्यात छडी बसली आणि त्या 'ना'चे दोन तुकडे झाले. पुन्हा गाणं, पुन्हा छडी. त्या बाईने तोंडावर पदर दाबला.

कुणीही उठलं नाही, ताई. मी वाट पाहिली. सुतारकाका पुढच्या बाकाची कड धरून बसले होते. बोटं पांढरी पडली होती, पण उठले नाहीत.

दार उघडून मास्तर बाहेर आले. लोकांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, बिघाड ऑर्गनचा आहे असं त्यांना वाटलं. सरळ माझ्या बोळात आले. "झोप लागली का रे?" म्हणाले आणि छडी माझ्या तोंडावर मारली. गाल फाटला. "लाव हात. लाव म्हणतो ना!" म्हणाले आणि परत मारली.

दांडा खाचेतून उचलून काढता येतो. तेल द्यायला मीच काढतो. टोकाला लोखंडी कडी आहे.

मी हात लावला.

पहिला फटका त्यांच्या मनगटावर बसला, छडी गळाली. तिथे थांबायला हवं होतं. दुसरा जबड्यावर. ते बोळातून मागे पडले, सगळ्यांसमोर, मंचाच्या फळ्यांवर, आणि मी मागोमाग बाहेर आलो. मग मी मारत राहिलो. किती ते विचारू नकोस, फौजदारांनाही मी सांगू शकलो नाही. कडी हाडावर लागते तेव्हा हाताला समजतं. मऊ ठिकाणी लागते तेव्हाही समजतं. मास्तर हात पुढे करून "अरे, अरे" एवढंच म्हणत होते, मग तेही म्हणेनात.

आणि मुलं गायला लागली.

सुरुवात सुतारकाकांच्या मुलाने केली, तोच तो दात हललेला. मग सगळी. ऑर्गन नव्हता, मास्तर नव्हते हात हलवायला, तरी सगळी एका सुरात, गळ्याच्या शिरा ताणून. लांबडंच. मला वाटलं, माझ्यासाठी गाताहेत. मला चेव आला. मुलं गात होती तोवर मी मारत होतो.

कुणीतरी मला मागून कवेत धरलं, बहुतेक खाटीककाका, तेव्हा मी मुलांकडे नीट पाहिलं. रडत होती. डोळे घट्ट मिटून, रडत, ओरडून गात होती. जितक्या मोठ्याने गावं तितकं मार खाणाऱ्याला कमी लागतं ना. ताई, मुलं मास्तरांसाठी गात होती.

भिंगरी झग्यांच्या खोलीच्या दारात उभी होती. एकटी ती गात नव्हती. दोन्ही हातांनी तिने दोन्ही कान झाकले होते, ऐकू न येणारासुद्धा. तिने पहिल्यापासून सगळं पाहिलं. मी दांडा टाकला आणि तिच्याकडे गेलो. माझ्या अंगावर रक्त होतं, थोडं माझं, बरंचसं त्यांचं. मी म्हटलं, "चल घरी." ती झग्यांच्या आत शिरली आणि भिंतीला चिकटली. बाहेर काढायला आईला बोलवावं लागलं.

आता पुढचं. मास्तर जिवंत आहेत. जबडा तारेने बांधला आहे, एक डोळा गेला. आई रोज त्यांना पेज भरवायला जाते. माझ्याशी बोलत नाही, पण ताट वाढते. भिंगरीचा उजवा कान डॉक्टरांनी तपासला. पडदा शाबूत आहे, देवाची कृपा. माझा गाल त्यांनीच शिवला. या वेळी कशाने झालं ते विचारलं नाही.

सुतारकाका माझ्यासाठी जामीन राहिले. परवा दारात येऊन म्हणाले, "बरं केलंस. आमच्याच्यानं झालं नाही." चांभारकाकाही तेच म्हणाले, पाववालाही. रस्त्याने जाताना लोक पाठीवर थाप मारतात. मी प्रत्येक थापेला पावलं भरभर टाकतो. त्यांना वाटतं, मी तिच्यासाठी मारलं. पहिला फटका तिच्यासाठी होता. उरलेले कुणासाठी होते ते मला माहीत आहे, तुलाही माहीत असेल. त्या खोलीत तूही होतीस, मीही होतो.

काल फळीवरून कप काढायला मी हात वर केला. भिंगरी खाली बसून दूध पीत होती. तिने पेला ठेवला, डोकं गुडघ्यांत घातलं आणि वर दोन्ही हात धरले. आवाज नाही, रडणं नाही. सवयीचं काम असल्यासारखं. मी हात तसाच वर धरून उभा राहिलो. खाली आणला तरी ती घाबरणार, म्हणून बराच वेळ तसाच.

माझा वकील म्हणतो, कोर्टात मुलीला उभी करू. आत काय व्हायचं, कानावर कसं मारलं, सगळं तिच्या तोंडून येऊ दे, शिक्षा निम्म्याने उतरेल. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "वेडा आहेस का? वर्षं जातील तुझी." मी म्हटलं, जाऊ देत. त्या खोलीतलं तिने पुन्हा एकदा लोकांसमोर उभं राहून म्हणायचं नाही, माझ्यासाठी तर नाहीच. पण मी नको म्हटल्याने भागत नाही. कोर्ट बोलावू शकतं, मास्तरांचा वकीलही बोलावू शकतो. आणि बोलावलं तर तिला हेही सांगावं लागेल की मामाने काय केलं.

म्हणून तू ये. सही पाठवू नकोस, स्वतः ये. रजा मिळत नसेल तर नोकरी सोडून ये. आयुष्यात प्रथमच मी तुला हुकूम करतोय. बोलावणं निघायच्या आत तिला घेऊन जा, लांब, तुझ्याजवळ. जमलं तर आईलाही ने. तिथे गेल्यावर तिला गायला सांगू नकोस. ती आपणहून गुणगुणली तर 'सूर बरोबर आहे' असंही म्हणू नकोस. काहीच म्हणू नकोस.

आणि मास्तरांनी तुला घडवलं असं तिला कधी सांगू नकोस. तुला ते खरं वाटत असलं तरीही.

तुला घ्यायला गाडीवर मी येणार नाही. सुतारकाका तुला घेऊन येतील. तू घरात असेपर्यंत मी त्यांच्या कारखान्यात झोपेन, म्हणजे तिला सामान बांधताना मागे वळून बघावं लागणार नाही. आपली भेट होणार नाही बहुतेक. मला चालेल.

त्या दिवसापासून तिने मला हाक मारलेली नाही. तरी खाली तेच लिहितो, दुसरं काय लिहावं ते सुचत नाही.

तिचा,
मामा